बेस गिटारची मान

धम्मरत्न रिठदहून आपली बेस गिटार गोधडीत गुंडाळून माझ्या दुकानात आला, आणि गोधडीची गाठ सोडायच्या आधीच त्याने गुन्हेगाराचं नाव सांगून टाकलं.

"प्रसेननं मोडली, फुलसिंगभाऊ. माह्या सख्ख्या पुतण्यानं."

मी वाशीमला बस स्टँडमागे वाद्यं दुरुस्त करतो. पेटी, ढोलकी, बँजो, गिटार, जे येईल ते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. वाद्य मोडलं की लोकांना आधी माणूस पकडायचा असतो, दुरुस्तीचं नंतर बघू.

धम्मरत्नसोबत त्याची भावजय रुखमाबाई होती. या घराची गायन पार्टी सगळ्या तालुक्याला माहीत. रुखमाबाई गाणार, तिचा नवरा तेजराव ढोलकीवर आणि त्याचा धाकटा भाऊ धम्मरत्न या बेसवर. गिटार तेजरावनेच तरुणपणी एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली होती. तेव्हाच ती जुनी होती. तशी आता कुठे बनत नाही आणि तिचा सुटा भागही कुठे मिळत नाही. गेल्या वर्षी तेजराव वारला. पुढे त्याचा मुलगा प्रसेनजित ती इंझोरीला एका कार्यक्रमात वाजवायला घेऊन गेला. भर स्टेजवर कट् असा आवाज झाला आणि गिटारची मान मागून तडकली. त्या दिवसापासून काकाने पुतण्याशी बोलणं टाकलं, त्याला पार्टीतून काढलं आणि गावभर सांगितलं की पोराने बापाची निशाणी मोडली.

आता तेजरावच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन रविवारी होतं. त्यात पार्टी गाणार होती. प्रसेनजितला बापासाठी एक गाणं म्हणायचं होतं, एवढंच त्याचं मागणं.

"पोट्टा स्टेजवर दिसला तं मी उठून जाईन," धम्मरत्न म्हणाला. "तुमी फक्त हे सरळ करून द्या."

रुखमाबाई गोधडीची गाठ सोडू लागली. मुलाची बाजू घेऊन ती थकली असावी असं मला वाटलं.

बेसच्या तारा जाड असतात, त्यांचा ताण जबर. त्या ताणाने लाकडी मान पुढे झुकू नये म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. टोकाला, खुंट्यांच्या जवळ, तिचा नट असतो. तो कधीतरी पाव फेरा फिरवायचा, तोही जीव मुठीत धरून. या गिटारची मान पुढे नाही, उलटी मागे वाकली होती. नट तर एवढा आवळलेला की आणखी फिरायला जागाच नव्हती.

मी तारा काढल्या, इस्त्रीने हळूहळू डिंक तापवला आणि पातळ पातं सारत वरची पट्टी उचलली. सळई पाहून माझ्या तोंडून शिवीच निघाली. पार धनुष्य झाली होती. पण ते एका कार्यक्रमाचं काम नव्हतं. सळईने लाकडात दाबून दाबून खोल घळ पाडली होती आणि त्या घळीत जुना गंज काळा पडून बसला होता. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते, मापाचा नसलेला पाना वर्षानुवर्षं घसरल्यावर होतात तसे. तो पाना कसला, हे मला ओळखू आलं. ढोलकीचे नट आवळायचा. माझ्या दुकानात तसे चार पडलेले असतात.

मी दोघांना परत बोलावलं आणि उघडी मान समोर ठेवली.

"हे प्रसेनचं काम नाही," मी म्हणालो. "कोणीतरी ही कितीतरी वर्षं पिळत आलं आहे. ढोलकीच्या पान्याने. पोराच्या हातात ती फक्त तुटली."

धम्मरत्नने नटाच्या झिजलेल्या कोपऱ्यांवर बोट फिरवलं. बोलली ती रुखमाबाई.

"मंग ते हेच, प्रसेनचे बाबा. दुसरं कोन?" ती म्हणाली. "स्टेजवर चढाच्या आधी ढोलकी आवळत अन् म्हणत, आण रे धम्मा, तुही गिटार बी चढवून देतो. पाना मीच पिशवीतून काढून देत होती."

"सूर चढे ना, भाऊ," धम्मरत्न खाली बसत म्हणाला. "खरंच चढे. मले वाटे दादा माह्यावर माया करून राह्यला."

चढणारच. मान मागे ओढली की तारा ताणल्या जातात, सूर थोडा वर जातो. तेजरावला ढोलकीचा नट माहीत, त्याने हाही तसाच समजला. त्यात कपट नव्हतं. धाकट्या भावाचं वाद्य आपण लावून द्यायचं, एवढाच त्याचा थोरलेपणा.

मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, मिटलं. "लाव पोराला फोन," मी म्हणालो.

धम्मरत्नने फोन काढला नाही. "रविवारी मंगरूळची पार्टी येऊन राह्यली, अनसिंगची येऊन राह्यली," तो म्हणाला. "तेजरावच्या पान्याले सूर कळते असं सारे म्हणत. दादाचं नाव त्याच्यावरच हाये. आता त्याईले काय सांगू? त्याच पान्यानं गिटार मारली म्हणून?"

"त्यांना नको सांगू. पोराला तरी सांग."

"पोराले सांगतलं तं तो चूप बसंल? वर्षभर लोकाईनं त्याच्या तोंडावर बोलून घेतलं. तो चार ठिकानी सांगंलच. काहून नाई सांगनार?"

मी रुखमाबाईकडे पाहिलं. आई आहे, आता तरी हिने दिराला फैलावर घ्यावं. ती गोधडीची घडी घालत होती. घडी नीट बसेना म्हणून तिने ती उलगडून पुन्हा घातली.

"राहू द्या, फुलसिंगभाऊ," ती म्हणाली. "पोट्टा जवान हाये, सोसंल. त्याच्या बापाचं तं आता नावच उरलं."

मला दोघांनाही दुकानाबाहेर काढावंसं वाटलं. मेलेल्याची अब्रू राखायची म्हणून जिवंत पोराला चोर ठरवायचं, ही कुठली माया? पण वाद्य उघडं पडलं होतं, आणि उघडं वाद्य मला टाकवत नाही. गेले दोघं.

सळई मी दोन लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये शिकंज्यात धरून थोडीथोडी दाबत सरळ केली. तापवली असती तर काम सोपं झालं असतं, पण लोखंड मऊ पडलं असतं. लेथवाल्याकडून नवे आटे पाडून आणले. घळीत सागाची चीप बसवली, तडा चिकटवला, वरची पट्टी लावली आणि सगळी मान सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली. तारा चढवल्यावर मान सुतासारखी सरळ उभी राहिली. जाडी तार छेडली तर पायाखालची फरशी घुमली. असं काम रोज होत नाही, पण या खेपेला मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

शनिवारी दुपारी प्रसेनजित स्वतःच आला. खांद्याला बॅग होती. संध्याकाळच्या गाडीने पुण्याला चालला होता, कंपनीत काम बघायला.

"काका, झाली का नीट?" त्याने दारातूनच विचारलं. "त्या दिवशी म्या लय जोरात वाजवली असंल. रोज तेच आठवतो, कोनत्या गान्याले चुकलो म्हणून."

माझ्याच्याने राहवलं नाही. मी कोणाला वचन दिलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, सळई, घळ, गंज, पाना.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मोठा श्वास घेऊन त्याने बॅग खाली ठेवली. आता हा पुण्याला जात नाही, असं मला वाटलं. उद्या गातो हा.

"आईले माहीत हाये हे?"

खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही. "हो," मी म्हणालो.

"काय म्हने?"

मी गिटार पुसायला घेतली. पण तो पोरगा माझ्याकडे असा बघत होता की शेवटी मी तिचे शब्द सांगितले.

त्याने मान हलवली. बॅग उचलली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बरोबर हाये तिचं," तो म्हणाला. "बाबाचं नाव खराब नाई व्हायले पाह्यजे. तुमी बी कोनाले सांगू नका."

"अरे, निदान वाजवून तर जा," मी गिटार पुढे केली. "तुझ्या बापाची आहे."

त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"नको, काका. उद्या कुठं काही झालं तं पुन्हा माहंच नाव येईल."