हाडं सिनिवाची, गोळ्या कोंबड्यांना

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी गोळ्यांची बाटली आहे. ऑकलंडच्या एका इस्पितळामागे पुनर्वापराच्या कचऱ्याचा पिवळ्या झाकणाचा डबा आहे, त्यात मी आडवी पडलेय. माझ्या डोक्यावर एक चाटून पुसलेला दह्याचा कप बसलाय. त्याला माझ्या कुळाची काहीच कल्पना नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझ्यात कॅल्शियम होतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण कॅल्शियमातही घराणी असतात. एक घराणं खडूचं. स्वस्त, कुठेही मिळणारं, पण पोटात भरपूर आम्ल असलं आणि वर जेवण पडलं, तरच नीट विरघळणारं. दुसरं घराणं लिंबाच्या आंबटाशी सोयरीक झालेलं, म्हणजे सिट्रेटचं. मी त्यातली. आम्हाला पोटातल्या आम्लाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. हे मी गर्वाने सांगत नाहीये. बरं, थोडं गर्वानेच सांगतेय.

कारखान्यात माझं पोट गोळ्यांनी भरलं, अंगावर लेबल चिकटलं, डोक्यावर निळं झाकण बसलं. मग ऑकलंडच्याच मांगेरे भागातल्या एका औषधाच्या दुकानात फळीवर मी चार महिने ताठ उभी होते. तिथेच मला सिनिवा भेटली.

सिनिवा सामोअन बाई. बावन्न वर्षांची. चर्चमध्ये वीस वर्षं ऑर्गन वाजवणारी. साखरेच्या आजाराने आणि वजनाने इतकी दमली होती, की डॉक्टरांनी तिचं पोट कापून लिंबाएवढं केलं आणि आतड्याचा रस्ताही वळवला. तेव्हापासून जेवण दोन चमचे आणि गोळ्या मूठभर. सोबत तिची नणंद वायोला होती. एकीच्या हातात इस्पितळातल्या आहारवालीचा कागद आणि दुसरीच्या हातात गुलाबी रंगाचा एक प्रचंड डबा.

"वहिनी, हा घे," वायोला म्हणाली. "चघळायच्या गोळ्या. स्ट्रॉबेरीचा वास येतोय. आणि डबा केवढा बघ, यात बाळ झोपेल."

"कागदावर सिट्रेट लिहिलंय. हे ते नाही."

"कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम गं. मीठ काय, कुठल्याही दुकानातलं खारटच लागतं."

"ती आहारवाली ब्रॉनविन म्हणाली, माझ्या पोटात आता आम्ल फारसं उरलेलं नाही. ते खडूचं विरघळायचं नाही."

"पोटात नसेल. जिभेवर आहे की भरपूर."

सिनिवाने तिच्याकडे न बघता कागद वाचला. एका वेळी एकच गोळी. दिवसातून तीनदा. लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. चहाबरोबर लोह नको.

"औषध आहे का कडक सासू?" वायोलाने विचारलं.

फळीवर आम्ही सहाजणी होतो. सिनिवाने एकेक उचलली, चष्मा कपाळावर ढकलून मागचं बारीक वाचलं, खाली ठेवली. माझ्यापाशी आल्यावर थांबली. मला हलवून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हीच."

मित्रांनो, हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला. त्या एका शब्दावर मी विश्वास ठेवला, आणि तिथेच फसले.

पहिले तीन दिवस सोन्याचे होते. मायक्रोवेव्हवर माझी जागा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोनची घंटी वाजायची आणि सिनिवा यायची. माझी गोळी मोठी. तिचे दोन तुकडे करताना ती म्हणायची, "गोळी आहे का होडी?" पण प्रेमाने म्हणायची. ब्रॉनविनला फोन करून तिने सांगितलंसुद्धा, "हो हो, सिट्रेटच आणलंय, अगदी वेळेवर घेते." शेजारी वायोलाचा गुलाबी डबा होता. तो वायोलाने सगळ्या घरासाठी म्हणून घेतला होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मग रविवार आला.

आमच्याकडे रविवारी चर्चनंतर घरातलं उत्तम ते पाद्रीबाबांच्या घरी जातं. मोठा भाऊ असो, म्हातारी आई असो, आधी पाद्र्यांचं घर. सिनिवाच्या ताटांची ख्याती होती. निखाऱ्यांवर भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, कंद, मासे. दोन माणसं लागायची उचलायला. पण ऑपरेशननंतर तिला चुलीचा वास सोसेना. त्या रविवारी तिच्या हातात होतं फक्त एक वाडगं, कच्च्या मासळीचं. पुढे मागे बायका ताटांच्या ओझ्याने वाकलेल्या, आणि मध्ये सिनिवा, वाडगं पदराआड लपवावं तसं पोटाशी धरून.

मला हे कसं माहीत? कारण मी तिच्या दुसऱ्या हातात होते.

घरातून निघताना तिने चहूकडे बघितलं होतं. डुक्कर नाही, कंद नाहीत. घरात सगळ्यांत निवडून आणलेली, सगळ्यांत भारी वस्तू कोणती? मायक्रोवेव्हवर उभी होती.

"पाद्रीणबाई," सिनिवा मान खाली घालून म्हणाली, "ही तुमच्या गुडघ्यांसाठी. फार चांगली आहे."

पाद्रीणबाईंनी मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळापर्यंत उचललं. बायकांनी माना डोलावल्या. परतताना वायोलाचा आवाज आला, "बरं केलंस वहिनी. आणि घरी तो डबा आहेच की. कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम."

सिनिवाने मागे वळून बघितलं नाही. मला वाटलं होतं, निदान एकदा बघेल.

पाद्रीणबाईंनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. एका बाजूला लग्नाचा फोटो, दुसऱ्या बाजूला चांदीचा केकचा चाकू. माझ्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. पाहुणे आले की त्या मला दाखवायच्या, "सिनिवाने दिली. स्वतः आजारी असून." पाहुणे चुकचुकायचे. मित्रांनो, मानाने पोट भरत नाही, आणि औषध तर मानाने मरतं.

एकदा त्यांनी माझी गोळी घेऊन बघितली. अख्खी. ती घशात अडकली. पाद्रीबाबांनी पाठीत धपाटे घातले, तीन कप चहा झाला, तेव्हा ती खाली उतरली. मला पुन्हा कोणी हात लावेना.

त्या सुमारास घरामागच्या सहा कोंबड्या मऊ टरफलांची अंडी घालायला लागल्या. उचलायला गेलं की अंडं बोटांत पिचायचं. पाद्रीणबाई हैराण. एक दिवस त्यांनी कपाटाची काच सरकवली आणि लेबल वाचलं. "हाडं मजबूत करते."  मग स्वतःशीच म्हणाल्या, "टरफल म्हणजे अंड्याचं हाडच की."

तेव्हापासून रोज सकाळी माझी एक गोळी वरवंट्याखाली जायची आणि कोंड्यात मिसळून अंगणात पडायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघायचे. सहा कोंबड्या, एकीचंही ऑपरेशन झालेलं नाही, माझ्यावर तुटून पडायच्या.

अंडी अशी टणक झाली, की पाद्रीबाबा नाश्त्याला सुरी उलटी धरायचे. पाद्रीणबाईंना इतका आनंद झाला, की दर शनिवारी त्यांनी सहा अंडी आजारी सिनिवाला पाठवायला सुरुवात केली.

एकदा सिनिवा रिकामी टोपली परत द्यायला दाराशी आली. मी खिडकीतून तिला बघितलं. कपडे सैल झाले होते, चेहरा उतरला होता.

"अंडी काय सुरेख असतात बाई," ती म्हणाली. "एकच खाववतं, पण गोड लागतं. टरफल मात्र दगड. वायोला म्हणते, कचऱ्याच्या पिशवीला भोक पडतं."

हे ऐकून माझं झाकण आपोआप सैल झालं असेल. माझं कॅल्शियम तिच्या घरी पोचत होतं, मित्रांनो. अंड्याच्या बाहेरच्या बाजूने. आणि कचऱ्यात जात होतं.

"तब्येत कशी आहे?" पाद्रीणबाईंनी विचारलं.

"ओठांना मुंग्या येतात. बोटांनाही. पण गोळ्या चुकवत नाही मी. तो गुलाबी डबा, लोह, सगळं सकाळी चहाबरोबर एकदाच उरकते."

सगळं एकदाच. चहाबरोबर. कागदावरच्या त्या कडक सासूने सांगितलेलं एकही ऐकलं नव्हतं तिने.

"मी प्रार्थनेत नाव घेते हं तुझं," पाद्रीणबाई म्हणाल्या. आणि माझ्यातली त्या दिवसाची गोळी काढून वरवंट्याखाली ठेवली.

ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार आला. पांढऱ्या कपड्यांतली पोरं, पाठ केलेली वचनं, चर्च गच्च. आमच्या गायकमंडळींना सिनिवाने वीस वर्षं एक नियम घालून दिलाय: ऑर्गन थांबेपर्यंत आमेन सोडायचं नाही. मधेच श्वास सोडणाऱ्याला पुढच्या रविवारी मागच्या रांगेत बसवायची ती.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, चर्च शेजारीच. शेवटचं आमेन सुरू झालं. छान होतं. मग लांबलं. मग फारच लांबलं.

नंतर बायकांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं ते असं. शेवटच्या सुरावर सिनिवाचे दोन्ही पंजे आखडले. अंगठे आत वळले, बोटं काठ्यांसारखी ताठ, पट्ट्यांवर दाबलेली. उचलता येईनात. ऑर्गन वाजतोय म्हणून मंडळी गातायत. पाद्रीबाबांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला. त्यांनी डोळे मिटून हात वर केले. ज्या पोरांना वचनं पाठ नव्हती, ती खूश. जाड्या आवाजाचे तीन पुरुष लाल होऊन खाली बसले, पण आमेन त्यांनी बसूनही सोडलं नाही. सिनिवाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते बघून बाकीच्यांनी आणखी जीव ओतला. शेवटी वायोला उठली आणि तिने भिंतीतून वायर उपटली.

रुग्णवाहिका आली. दाराशीच माणसाने विचारलं, "कोणकोणती औषधं घेतात? सगळी आणा." वायोला घराकडे पळाली. आणि पाद्रीणबाई हळूच स्वयंपाकघरात आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला पर्समध्ये घातलं, गाण्याच्या पुस्तकाखाली, आणि चेन लावली.

सोमवारी सकाळी इस्पितळात त्या पर्समधूनच मी सिनिवाचा आवाज ऐकला. शिरेतून कॅल्शियम दिल्यामुळे ती आता बोलत होती. ब्रॉनविन आली होती.

"तुमचं कॅल्शियम फार खाली गेलं होतं," ब्रॉनविन म्हणाली. "कालचं बोटांवर निभावलं. पुढच्या वेळी हृदयाचा ठोका चुकेल, आणि हाडं तर आतून पोकळ व्हायला लागलीच आहेत. कुठलं घेत होतात?"

वायोलाने गुलाबी डबा खणकन टेबलावर ठेवला. "हे. एक दिवस चुकला नाही."

"हे खडूचं आहे. मी सिट्रेट लिहून दिलं होतं. तुम्ही आणलं होतंत, फोनवर सांगितलंत मला. त्याचं काय झालं?"

 पाद्रीणबाई खाटेजवळच बसल्या होत्या.

"हरवली ती बाटली," सिनिवा म्हणाली.

हरवली. दान केलीत, समजू शकते. विसरलात, तेही चालेल. पण मी तीन हातांवर पर्समध्ये असताना तिने मला हरवली म्हणावं. का, तर पाद्रीणबाईंचा मान जाऊ नये म्हणून. स्वतःच्या हृदयाच्या ठोक्यापेक्षा तिला तो मान मोठा वाटला, आणि मी तर त्या हिशेबात कुठे नव्हतेच.

चेन उघडली. पाद्रीणबाईंनी मला काढून चादरीवर ठेवलं.

"हरवली नव्हती. तिने मला दिली होती." त्यांनी पर्सची चेन पुन्हा लावली. "मी कोंबड्यांना घातली."

ब्रॉनविनने झाकण उघडलं. आतून आधी एक पीस निघालं, मग मक्याचे दोन दाणे, मग चार गोळ्या.

"कोंबड्या कशा आहेत?" तिने विचारलं.

"उत्तम," पाद्रीणबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

वायोला डोक्याला हात लावून बसली. "म्हणजे वहिनी, तुझी हाडं मी दर शनिवारी कचऱ्यात टाकत होते."

ब्रॉनविन हसली नाही. "सिनिवा, मी हीच बाटली पुन्हा लिहून देते. पण मला खरं सांगा, येत्या रविवारी ती कोणाच्या घरी जाणार?"

 सिनिवाच्या माणसांत दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे आईच्या तोंडातला घास काढणं. तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग मान वर केली.

"पाद्रीणबाई, त्या चार गोळ्या मला परत द्या. माझ्या आहेत त्या."

 पाद्रीणबाईंनी चारही गोळ्या आपल्या तळव्यावर घेतल्या आणि सिनिवाच्या तळव्यावर ठेवल्या.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी माझ्याकडे रिकाम्या हाताने ये. वाडगंसुद्धा आणलंस तर दार उघडणार नाही."

अखेर, मित्रांनो. साडेतीन महिन्यांनी कोणीतरी मला आपली म्हणून मागितलं. आता मी कामाला येणार होते.

"यांना कोंबड्यांचा वास येतोय," ब्रॉनविन म्हणाली, आणि चारही गोळ्या तिने टाकून दिल्या. मग खिशातून नवी बाटली काढली. तेच लेबल, तेच निळं झाकण. माझी सख्खी बहीण. आणि मी इकडे आले, दह्याच्या कपाखाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी फळीवर उभं असेल. कोणाला मान द्यायचा असेल तर हाताने विणलेली चटई द्या, डुक्कर द्या, काही नसेल तर नुसता नमस्कार करा. पण तुमच्या शरीरासाठी निवडून आणलेलं औषध दुसऱ्याच्या कपाटात पाठवू नका. आणि शेजारच्या डब्याला छान वास येतो म्हणून निवड बदलू नका. ज्याने लिहून दिलं, त्यालाच आधी विचारा.

मला फसवलं, हे मी शेवटपर्यंत म्हणणार. पण कचऱ्याच्या टोपलीत पडता पडता मी एक बघितलं. आमची झाकणं घट्ट असतात, दाबून फिरवावी लागतात. वायोला मदतीला पुढे झाली. सिनिवाने तिचा हात बाजूला केला आणि माझ्या बहिणीचं झाकण स्वतःच्या बोटांनी उघडलं.