मदत लागणारी माणसं

मंदाताईंनी सुनेच्या नेलपॉलिशची बाटली उघडली, स्टुलावर चढल्या आणि मेन स्विचवर ठसठशीत लाल ठिपका लावला. मग खाली उतरून, चार पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून पाहिलं. दिसत होता. तरी पुन्हा चढून त्यांनी शेजारी एक बाणही काढला.

“आता हळदीचंही बोट ओढा,” संभाजीराव जिन्यापाशी उभे राहून म्हणाले. “नव्या नवरीसारखा दिसतोय स्विच.”

“हसा. मागच्या गल्लीत काय झालं पाहिलंत न?”

ते मात्र सगळ्यांनीच पाहिलं होतं. मागच्या गल्लीत एका घरी इन्व्हर्टर पेटला. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण गडबडीत दोघा भावांना वाटलं की आजीला दुसऱ्यानं बाहेर काढलं. आजी दहा मिनिटं धुरात पलंगावर बसून होती, पायात चपला घालून, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. तिनं चपला घातल्या होत्या, एवढी एकच गोष्ट सगळ्या हरिशंकरपुरम कॉलनीच्या मनाला लागून राहिली.

त्याच संध्याकाळी सुनेनं, गरिमानं, तिच्या बँकेतून एक छापील कागद आणला. बँकेत दर सहा महिन्यांनी आगीची तालीम व्हायची. तशी घरी करायची तर आधी काय काय ठरवावं, त्याचा तो कागद. आणला गरिमानं, पण दोन दिवसांत तो मंदाताईंचा झाला. चाळीस वर्षं या घरातलं प्रत्येक कार्य त्यांच्या यादीनं पार पडलं होतं. बारशाची यादी त्यांची, बाराव्याची त्यांची, मग आगीनं काय घोडं मारलं होतं? दाराशी खुंटीला एक पिशवी लटकली. तिच्यात कागदपत्रांच्या झेरॉक्स, संभाजीरावांच्या गोळ्या, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, नातीचे कपडे, फुटाणे, आणि डब्यात बेसनाचे बारा लाडू.

“पानिपताला एवढी रसद असती,” संभाजीराव पिशवी हातानं तोलत म्हणाले, “तर आज आपण दिल्लीत राहिलो असतो.”

शनिवारी संध्याकाळी चौघं जेवणाच्या टेबलाशी बसले. मधे कापलेलं खरबूज, आणि कूलर असा घोंघावत होता की जो तो ओरडूनच बोलत होता. मंदाताईंना उन्हाळा आवडायचा तो याचसाठी. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरात कूलरपुढं सगळेच बहिरे. “काय?” विचारलं तर कुणी वळून बघत नाही.

थंडी मात्र वाईट गेली होती. थंडीत घर शांत असतं. उजवा कान जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण या थंडीत डाव्यातूनही एकेक आवाज निघून जायला लागला. आधी पाखरं गेली. मग दाराची बेल. मग कुकरची शिट्टी. पुरुषांचं जाड बोलणं अजून पोचायचं, बायकांचं समोर बसून पोचायचं, आणि पोरांचं, तोंडाकडे पाहिलं तर. मंदाताईंनी कुणाला सांगितलं नाही. शिट्ट्या त्या डोळ्यांनी मोजायला शिकल्या, वजन उडालं की एक. नातीला कायम समोर बसवायच्या. फोन आला तर “इथं नेटवर्क नाही गं” म्हणून गरिमाकडे द्यायच्या. संभाजीरावांना तर काहीच पत्ता नव्हता. ते आपले खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. ‘मंदा, दारावर कुणीतरी आलंय.’ ‘मंदा, तीन झाल्या, गॅस बंद कर.’ स्वतः उठतील तर शपथ. त्यावरून दोघांची रोज एकदा तरी वाजायची.

सांगणार तरी कसं? मार्चमध्येच मुलानं, अंशुलनं, विषय काढला होता. थाटीपुरात, गरिमाच्या बँकेला लागूनच नवं पाळणाघर उघडलं होतं. “आई, तुझी दगदग वाचेल,” तो म्हणाला होता. त्या म्हणाल्या होत्या, “घरात आजी असताना पोर परक्याच्या दारात? मी मेले की घाला.” विषय तिथंच मिटला. दहा ते सहा तीन वर्षांची प्रांजली त्यांची होती. तिची आंघोळ, तिची भाजी-पोळी, दुपारी तिचं त्यांच्या पोटावर पाय टाकून झोपणं. कान गेलेल्या आजीकडे दिवसभर पोर कोण ठेवेल? खरं तर कुणी ठेवूच नये, हेही त्यांना कळत होतं. पण दिवसा ते कळणं त्या जवळ येऊ देत नसत.

“पुढं लिहा,” गरिमा कागदावर बोट ठेवून म्हणाली. “मदत लागणारी माणसं.”

मंदाताईंनी लिहिलं. एक, प्रांजली. दोन, अंशुलचे बाबा.

“मी?” संभाजीराव म्हणाले. “आमचे आजोबा सरकारी पागेत होते. सहा घोडे एकटे आवरायचे.”

“घोड्यांचे गुडघे चांगले होते. तुम्ही दोन वर्षांत जिना चढला आहात का?”

अंशुल हसला. “बाबा, तुम्ही फक्त बाहेर निघायचं. सीधा पार्काचं फाटक. कुणासाठी थांबायचं नाही, काही उचलायचं नाही.”

“आणि तिसरं?” गरिमानं विचारलं.

“तिसरं कुणी नाही,” मंदाताई म्हणाल्या. “दुपारी घरात मी आहे. प्रांजूला मी घेणार, यांना पुढं घालणार, जाताना स्विच पाडणार. झालं.”

संभाजीरावांनी खरबुजाच्या फोडीतली एक बी काढली, ताटलीच्या कडेला ठेवली, मग दुसरी काढली.

“मग उद्या ट्रायल,” गरिमा म्हणाली. “दहा ते अकरामध्ये मी कधीही शिट्टी वाजवीन. वेळ सांगणार नाही. सांगितली तर मग काय मजा!”

रविवारी पावणेदहालाच मंदाताईंनी मोर्चेबांधणी केली. टेबलाची खुर्ची अशी वळवली की व्हरांड्यात उभी असलेली गरिमा पडद्याच्या फटीतून दिसावी. तिच्या गळ्यात शिट्टी, हातात फोन. स्वतः समोर भेंडी घेऊन बसल्या. पण भेंडीपेक्षा लक्ष शिट्टीकडे. तिनं ती तोंडाला लावली की उठायचं, एवढंच होतं. ऐकायची गरजच काय? फसवणूकच होती ती, पण परीक्षा म्हटली की माणूस थोडं इकडंतिकडं बघतोच. अंशुल पार्काच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला होता. संभाजीराव खोलीत पेपर वाचत होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत सगळं ठीक होतं. मग प्रांजलीनं रूह-अफ़ज़ा सरबताचा भरला पेला स्वतःच्या डोक्यावर उपडा केला.

शत्रूसुद्धा नेमकी अशीच वेळ बघतो. केसांपासून पायांपर्यंत पोरगी लाल, आणि ती तशीच गादीकडे निघालेली. मंदाताईंनी व्हरांड्याकडे पाहिलं. गरिमा फोनवर कुणाशी तरी बोलत होती. दोन मिनिटं मिळतील. त्यांनी पोरीला काखोटीला मारलं, अठरा पायऱ्या चढल्या, वरच्या बाथरूममध्ये तिला उभी केली आणि नळ सोडला. केस धुताना ती त्यांच्या मागं सरकली, त्यांचा पदर ओढायला लागली. “थांब गं, झालं,” म्हणत त्या तांब्या भरत राहिल्या. पदर पुन्हा ओढला गेला. “थांब म्हटलं न!”

खांद्यावर हात पडला तशा त्या दचकून वळल्या. तांब्या हातातून सुटला.

दारात संभाजीराव उभे होते. एक हात चौकटीवर, बनियन घामानं चिकटलेलं, श्वास छातीत मावत नव्हता. दोन वर्षांत ते या मजल्यावर आले नव्हते. त्यांनी आपलं तोंड मंदाताईंच्या तोंडासमोर आणलं आणि एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाले, “वाजली. चल.”

मंदाताईंनी नळ बंद केला. प्रांजली ओल्या केसांनी वर बघत होती.

“मी सांगितलं न तुला!” तिचे ओठ स्पष्ट दिसले. “आजी, शित्ती. शित्ती वाजली. मी सांगितलं न!”

उतरताना संभाजीराव पुढं होते. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग कठड्याला धरून थोडा दम. त्यांच्यामागून पोरीला टॉवेलमध्ये गुंडाळून त्या उतरत होत्या. त्यांच्या टकलाकडे बघता बघता त्यांना एक एक आठवायला लागलं. दारावर कुणीतरी आलंय. तीन झाल्या, गॅस बंद कर. अगं, प्रांजू उठलीय वाटतं, बघ. थंडीपासून हा माणूस खुर्चीतून हुकूम सोडत होता, आणि त्या त्याला आळशी म्हणत होत्या. सातव्या पायरीवर ते थांबले, तेव्हा त्याही थांबल्या. त्यांनी “लवकर चला” असं म्हटलं नाही.

स्विच पाडायचा राहिलाच.

पार्काच्या फाटकाशी गुलमोहराच्या तुटपुंज्या सावलीत अंशुल फोन उंच धरून उभा होता. गरिमाही धावत तिथं येऊन पोचली होती.

“पाच मिनिटं वीस सेकंद!” अंशुल म्हणाला. “आई, टोटल फेल. एवढ्यात तर लाडूसुद्धा जळून गेले असते.”

“आणि बाबा, तुम्ही वर काय करत होता?” गरिमा म्हणाली. “तुम्हाला सरळ बाहेर यायचं होतं न?”

मंदाताईंनी तोंड उघडलं, पण संभाजीराव आधी बोलले.

“माझीच चूक,” गुडघा चोळत ते हसले. “मीच वर जाऊन हिला थांबवलं. म्हटलं खरी आग थोडीच आहे, पोरीचे केस तरी धुऊन होऊ दे. ही निघालीच होती.”

“बाबा, हद है!” अंशुल म्हणाला. “तुम्हाला ग्राउंड फ्लोअरलाच बांधून ठेवायला पाहिजे.”

“बांध. फक्त पंख्याखाली बांध.”

तिघंही हसले. गरिमानं टॉवेलच्या टोकानं प्रांजलीचं नाक पुसलं. “बरं, पुढच्या रविवारी पुन्हा करू. आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पहिल्या वेळी आमच्या बँकेतसुद्धा मॅनेजर कँटीनमध्ये सापडले होते.”

म्हणजे झालं होतं. काही बिघडलं नव्हतं. घरी जायचं, भेंडी चिरायची, आणि उद्या दहा वाजता स्कूटरवरून जाणाऱ्या आईला आजीच्या कडेवरून प्रांजली टाटा करणार. संभाजीराव घराकडे वळले होते. पहिलं पाऊल टाकताना त्यांनी फाटकाची सळई धरली, आणि त्यांचा डावा पाय पोटरीपासून थरथरताना मंदाताईंनी पाहिला. पोरीनं आपला अंगठा तोंडात घातला होता. अजून ती त्यांच्याकडे बघत होती, थोडी रागावून. तिनं सांगितलं होतं.

“गरिमा,” मंदाताई म्हणाल्या, “शिट्टी आहे न गळ्यात?”

“आहे न. का?”

मंदाताईंनी प्रांजलीला खाली ठेवलं. फाटकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे पाठ करून, आणि पोरीला हाताला धरून आपल्यासमोर, फाटकाला टेकवून उभी केली.

“आता वाजव,” त्या म्हणाल्या. “मागूनच वाजव. इकडे येऊ नकोस.”

मागून कुणी काही म्हणालं असेल. मग संभाजीरावांचा जाड आवाज आला, तो अजून यायचा. “मंदा, ऊन बघ, लू लागेल पोरीला. घरी चल.”

“तुम्ही गप्प बसा. आणि मला हात लावायचा नाही.” मग त्यांनी पुन्हा, नीट म्हटलं, “वाजव गरिमा. जोरात.”

फाटकाच्या सळयांतून पार्क दिसत होता. माळी नळीनं पाणी घालत होता. पाणी पानांवर पडत होतं आणि काहीच आवाज होत नव्हता. झोका रिकामा हलत होता. मंदाताईंनी पदर सारखा केला आणि वाट पाहिली.

प्रांजली त्यांच्या बाजूनं मान काढून मागं बघत होती. एकाएकी तिनं तोंड वाकडं केलं, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी कान दाबून धरले.

मंदाताई तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, शिट्टी थांबेपर्यंत. म्हणजे पोरीनं कानांवरचे हात काढेपर्यंत.