पडद्यावर पुसलेला डाग

कोंढ्याच्या आठवडी बाजारात भाजी सुकत पडली होती आणि माणसे मांडवात शिरली होती. आत उजेडबाबा बसला होता. पुढे लॅपटॉप, बाजूला भला मोठा टीव्ही. ना सीडी, ना पेनड्राइव्ह. नुसते नाव सांगायचे. बाबा डोळे मिटणार आणि टीव्हीवर त्या माणसाची छाती उमटणार, बरगड्यांसकट!

कधी पडद्यावर गोल चक्र बराच वेळ फिरत राही. "हे कालचक्र होय," बाबा सांगे. "आत्मा निंगाला हाय, रस्त्यात हाय."

आत्म्यालाही एसटीसारखा उशीर होतो, हे मासेमार बाबुलालला नवेच होते. मांडवाच्या कडेला तो दात खात उभा होता. महिन्यापूर्वी त्याची लेक रंजू याच बाबापुढे बसली होती. तिला टीबी. बाबाने टीव्हीवरच्या तिच्या छातीवर मोरपीस फिरवले आणि डाग दिसेनासा झाला. "आता गोळ्या बंद!" रंजूने गोळ्या सोडल्या. आता खोकल्यात रक्त पडत होते, तरी म्हणे, "बा, डाग गेलेला तुमीच पायला ना!"

गोळ्या द्यायला येणाऱ्या सरिता नर्सने बाबुलालला एकच प्रश्न विचारला, "काका, बाबा सगळ्यायची छाती दाखवते का?"

"नाई वो बाई. ज्यायनं नागपूरले छातीचा फोटो काढला, त्यायले म्हणते तुमचं पाप आड येऊन राहिलं. लाखांदूरवाल्यायचीच दिसते."

"मंग लाखांदूरलेच जाऊ."

पुढच्या बाजाराच्या सकाळी दोघे तिथल्या एक्स-रेवाल्याकडे गेले. मशीन चालवणाऱ्या धर्मेंद्रने उडवाउडवी केली. पण कॉम्प्युटर शिकलेल्या सरिताला खरा प्रकार लगेच दिसला. फुकट गाणी मिळावीत म्हणून त्याने एक प्रोग्राम टाकला होता. आपला फोल्डर इतरांसाठी उघडा ठेवायचा, इतरांचा आपण वापरायचा. पठ्ठ्याने गाण्यांबरोबर रोग्यांच्या छात्याही उघड्या टाकल्या होत्या.

"माही नोकरी जाईन जी," धर्मेंद्र रडकुंडीला आला.

"अन् माह्या पोरीचा जीव जाऊन राहिला तं?" बाबुलाल गरजला.

सरिता म्हणाली, "दुपारपर्यंत तसंच राहू दे. काका, टोपलीत काय हाय?"

टोपलीत हातभर लांब मरळ मासा होता. त्याला मशीनखाली झोपवले आणि नाव टाकले, बाबुलाल.

दुपारी बाबुलाल बाबापुढे बसला. नाव सांगितले. बाबाने डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांनीच बटण दाबले. पडद्यावर आला एक लांब कणा, शेपटीपर्यंत काटे आणि चपटे डोके.

मासे विकणारी जमुनाबाई ओरडली, "अगे माय! हे तं मरळ होय!"

"हा... हा याचा मागच्या जन्माचा देह..."

"कायचा मागचा जन्म? आज सकाळी जाळ्यात आली जी!" बाबुलाल म्हणाला.

मांडव हसून लोळला. बाबा लॅपटॉप मिटू लागला, तर जमुनाबाईने त्याचा हात धरला. "थांब ना गा, आत्मा रस्त्यात हाय!"

सरिताने पुढे होऊन पडद्यावर बाबाचा फोल्डर उघडला आणि लाखांदूरला फोन लावला. "धर्मेंद्र, बंद कर." पडद्यावरचा अख्खा फोल्डर गेला. "चालू कर." थोड्या वेळाने परत आला. मग तिने लॅपटॉपशेजारचे भगवे फडके उचलले. खाली नेटचे यंत्र लुकलुकत होते.

"तलावाचं पाणी पाटानं धानाच्या बांधीत येते," ती लोकांना म्हणाली. "बांधीच्या धुऱ्यावर उभं राहून कोणी म्हणन, हे पाणी म्या मंतरून काढलं, तं तुमी मानसान का? याच्या लॅपटॉपात काईच नाई. लाखांदूरचा उघडा फोल्डर यानं नेटवरून असा जोडला, का तो लॅपटॉपात असल्यासारखा दिसते. तिकडं बंद केलं का इकडं कोरडं."

"अन् माहा डाग?" गर्दीतून रंजू पुढे आली.

तिला विचारूनच सरिताने तिचा फोटो उघडला. एक बटण सरकवले. फोटो काळा पडत गेला, पांढरा डाग बुडाला. उलट सरकवले. डाग होता तिथेच होता. मोरपीस एका हाताने फिरवायचे, दुसऱ्याने अंधार वाढवायचा, एवढीच उजेडबाबाची विद्या!

रंजू सरिताकडे वळली. "बाई, मी बरी होईन का वो?"

"आज मले माहीत नाई," सरिता म्हणाली. "उद्या थुंकी तपासू, डॉक्टरले दाखवू, मंग सांगीन. गोळ्या मात्र आता एक दिवस चुकवाच्या नाई."

रंजूने मान हलवली.

बाबांनो, मायांनो, हात जोडण्याआधी एवढेच विचारा, हे आले कुठून? ज्याला सगळे डोळे मिटून दिसते त्याच्यापासून लांब राहा. जो म्हणतो 'मला माहीत नाही, तपासून सांगतो', त्याच्या हाती आपली लेकरे द्या.