कॉटरच्या जागी खिळा

माझ्या तीनचाकीचं पेडल हातानं फिरतं. पायांत जोर नाही, म्हणून दंडांनी चालवते. कुडव्याहून शिलाईच्या दुकानात जायचं तर रेल्वेचं फाटक ओलांडावं लागतं. परवा ऐन रुळांवर पेडल हातातल्या हातात गरगर फिरायला लागलं. चाक जागचं हलेना. फाटक पडत होतं. दोन अनोळखी माणसांनी ढकललं, म्हणून जिवंत आहे.

पेडलचा दांडा घट्ट धरून ठेवायला कॉटर लागतो, बोटाएवढी लोखंडी खुंटी. सायकल दुरुस्त करणाऱ्या शालीकरामनं तिथं खिळा ठोकला होता. महिन्यात तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी भावाकडून गाडी ढकलून घेत त्याच्या दुकानापुढं गेले.

“पुन्हा तुटला का वो?” शालीकराम हसला. “मोठा खिळा ठोकतो. पाच मिनटाचं काम.”

“खिळा नको भाऊ. कॉटर बसव.”

“तुया गाडीले बजारातला कॉटर बसतच नाही. कानशीनं घासून घासून बसवा लागते. अन् काम तं चालूनच राहिलं होतं ना?”

“कोणाचं?”

बाकावर पेपर वाचत बसलेले टेकचंद गुरुजी मधे पडले. “अवो बाई, जुगाड म्हणजे आपल्या लोकांचं डोकं आहे. त्याले नावं ठेवू नये.”

जुगाडाचं कौतुक करणारा माणूस त्याच जुगाडावर बसलेला मी अजून पाहिला नाही.

“ठोक खिळा,” मी म्हटलं.

त्यानं खुशीत ठोकला. मी भावाच्या आधारानं उतरून ओट्यावर बसले. “आता बस तू. फाटक ओलांडून वापस ये.”

“मी कायले?”

“खिळा चालते ना? मंग काऊन भेऊन राहिला?”

“जा ना बे!” मागून बघ्यांतलं कोणीतरी ओरडलं. लाजेकाजेनं तो बसला. रस्त्यावर चढला तोच विटांचा ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. शालीकरामचे हात पेडलला चिकटले. ब्रेक कुठं आहे तेच त्याला सुचेना. फाटक लांबच राहिलं. चाळीस पावलांवरून तो गाडी ढकलत परत आला. कोणाकडं न पाहता त्यानं खिळा उपटला, डब्यातून नवा कॉटर काढून शिकंज्यात आवळला आणि कानस चालवायला लागला. गुरुजींनी पेपर तोंडापुढं धरला.

तासाभरानं कॉटर बसला. मी पेडल हलवून पाहिलं. केसभर खेळत होतं.

“ढिला हाय.”

“अवो, एवढं तं चालते...” बोलता बोलता त्याची नजर उपटलेल्या खिळ्यावर गेली.

“दुसरा काढ,” मी म्हटलं. “अन् कानस इकडं दे. माया दंडात तुयापेक्षा जोर हाय.”