नायलॉनचा गाऊन

पैज लावली शिंप्याने आणि घेतली टवाळ्याने, कारण गल्लीत दुसऱ्या कुणाच्या डोक्यात एवढी मोकळी जागा नव्हती.

"बायकोचा गाऊन आत घालून ड्युटी करून दाखव," शिंपी कात्री नाचवत म्हणाला. "कुणाला कळता कामा नये."

"कळलं तर?"

"तोच गाऊन घालून माझ्या दुकानापुढे स्टुलावर चढायचं. तीनदा ओरडायचं, मी गाढव."

"आणि नाही कळलं तर तू चढायचंस!"

झालं. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या टवाळ्याने सकाळी बायकोचा फुलाफुलांचा नायलॉनचा गाऊन अंगावर चढवला. कापड चटचट वाजलं. वरून सुती बॉयलर सूट घातला आणि स्वारी निघाली.

कारखान्यात धातूची भुकटी बनायची. बंद टाकीत वितळलेल्या धातूची बारीक धार तबकडीवर पडायची. तबकडी गरगर फिरायची, मिनिटाला वीस हजार फेरे. काठावरून थेंब चौफेर उडायचे, पडता पडता गोठायचे आणि तळाशी भुकटी साचायची. महिनाभर कथील चाललं होतं. कथलाला कुणाच्या कपड्यांचं काही पडलेलं नसतं.

टवाळ्या पिंपाजवळ पोचला, तेव्हा तिथेच कामाला असलेल्या त्याच्या मेहुण्याने टाकीखालची झडप नुकतीच उघडली होती. रुपेरी भुकटी पिंपात सुटली आणि धुरासारखी वर उठली.

"दाजी, पिंप धरा. जपून हं, सकाळीच ॲल्युमिनियम लावलंय."

टवाळ्याने पुढे केलेला हात तसाच थांबवला. फाटकावर 'आज ॲल्युमिनियम, नायलॉन नको' अशी पाटी असणारच. दारवानाची टिंगल करण्याच्या नादात त्याने ती वाचलीच नव्हती. ॲल्युमिनियमची भुकटी हवेत तरंगत असली की स्फोटाला एक ठिणगी पुरते, नायलॉन घासून पडते तेवढीही. मागच्या स्फोटात उडालेले जुन्या शेडचे पत्रे त्याने रस्त्यापलीकडून गोळा केले होते. पत्र्यांखाली आणखी काय गोळा केलं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मांडीवर गाऊन सरकला. चट्.

"दाजी, धरा ना!"

"झडप लाव. हळू."

"आता काय नवीन फिरकी?"

"फिरकी नाही रे. आत तुझ्या ताईचा गाऊन घातलाय. नायलॉनचा."

मेहुणा फिस्सकन हसला. मग त्याने दाजींचा चेहरा पाहिला.

"काढू नका," तो कुजबुजला. "काढतानाच जास्त ठिणग्या पडतात. हलूच नका."

"तू आधी बाहेर हो."

"आणि झडप कोण लावणार, तुमचा काका?"

मेहुणा झडपेची मूठ केसभर फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. झडप लागली. पण वरच्या काचेतून आलेल्या उन्हात भुकटी अजून तरंगतच होती. टवाळ्याच्या पाठीवरून घाम ओघळला. पायाला मुंग्या आल्या. आणि शिंक नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली. त्याने जीभ दातांखाली दाबली, तोंडात रक्ताची चव येईपर्यंत.

"जा ना रे," तो रडवेला झाला. "तुला काही झालं तर तुझ्या ताईला काय सांगू मी?"

"गप्प बसा."

वीसेक मिनिटांनी ऊन स्वच्छ दिसायला लागलं. मग एकेक पाऊल मोजत दोघं दाराबाहेर आले, आणि टवाळ्याने कधीची दाबून धरलेली शिंक दिली.

संध्याकाळी तो गाऊन घालून स्टुलावर चढला. गल्ली लोटली, शिट्ट्या झाल्या.

"मी गाढव!"

हशा.

"मी गाढव!"

शिंपी पोट धरून खाली बसला. मेहुणा गर्दीत मागे उभा होता, तो एकटाच हसत नव्हता.

"मी गाढव," तो मेहुण्याकडे बघून म्हणाला, इतकं हळू की शिंप्याने खालूनच आरोळी ठोकली, "मोठ्याने!"