खिडकीतली पुस्तकं

आमच्या हायस्कुलात या वर्षी वाचनाचं नुसतं पेव फुटलं. नववी ब या एकाच वर्गाने एका आठवड्यात चारशे बारा पुस्तकं वाचली. वर्गात मुलं अडतीस. मी बावीस वर्षं या शाळेची लायब्ररी सांभाळते आहे, आणि अडतीसांत चार वाचणारी निघाली तरी मला वर्ष चांगलं गेल्यासारखं वाटतं. तेव्हा ही काय भानगड आहे ते बघायला मी मुद्दाम त्यांच्या वर्गात गेले. खेळाचे सर ऑफ तासाला खुर्चीत पेंगत होते आणि मुलं टॅबवर अंगठ्याने भराभर पानं ढकलत होती. शेवटचं पान आलं की टॅब टाळ्या वाजवायचा आणि एक पुस्तक वाचलं म्हणून जमा व्हायचं. एक पठ्ठ्या दोन हातांनी दोन टॅब चालवत होता. त्याला विचारलं, "कशाबद्दल होतं रे पुस्तक?"

"निळं होतं, बाई."

या सगळ्या थाटाचे कर्ते म्हणजे आमचे रसायनशास्त्राचे सर. मुलं त्यांना पासवर्ड म्हणतात, कारण ते सगळ्यांना पासवर्ड वाटत फिरतात आणि स्वतःचा विसरतात. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, डिजिटल वाचनालय त्यांच्या गळ्यात मारलं आणि माणूस एका रात्रीत शेफारला. दहा हजार पुस्तकं, शिक्षकांसाठी तयार पाठ, तयार प्रश्नपत्रिका. भूगोलाच्या बाईंनी त्यातला एक पाठ लावला तेव्हा मी दारातून बघत होते. पडद्यावर कुणी भलतीच बाई हसून म्हणाली, "नमस्कार, मी तुमची शिक्षिका." आमच्या बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या. तास संपल्यावर मुलांनी पडद्याला "थँक्यू बाई" म्हटलं. मला तर हसावं की रडावं कळेना.

नवरा म्हणतो, तुझं नाक सतत वर असतं. असेल. इतक्या मूर्खांत वावरायचं तर नाक वर धरूनच श्वास घ्यावा लागतो.

माझी पद्धत साधी. लायब्ररीच्या पूर्वेकडच्या खिडकीला रुंद कठडा आहे. जे मूल मधल्या सुट्टीत बसून वाचतं, त्याचं पुस्तक मी घंटा झाली की फळीवर परत लावत नाही. वाचलेल्या पानात कागदाची पट्टी घालते, पट्टीवर मुलाचं नाव, आणि पुस्तक कठड्यावर उभं करते. दुसऱ्या दिवशी मूल येतं, आपली पट्टी शोधतं आणि पुढे वाचायला लागतं. त्या कठड्यावर नेहमी तीसेक पुस्तकं असायची. आमच्या शाळेतलं खरं वाचन म्हणाल तर तेवढंच, एका खिडकीत मावणारं.

याची कॉम्प्युटरवर नोंद मी कधी केली नाही. घरी नेलेल्या पुस्तकांची करायचे, तीही नाइलाजाने. चार वर्षांपूर्वी पासवर्डसर मला शिकवायला आले होते. "बाई, इथे बसून वाचलेलंही नोंदवता येतं. हे हिरवं बटण. एकदा दाबायचं, झालं." मी भर स्टाफरूममध्ये ऐकवलं, "सर, मुलं वाचतात ते मला डोळ्यांनी दिसतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी बटणं दाबावीत." सगळे हसले. सरांचे कान लाल झाले. घरी जाऊन मी हे दोनदा सांगितलं.

खिडकीशी सगळ्यात नेमाने बसणारी म्हणजे दहावीतली एक उंच मुलगी. मैत्रिणी तिला खिडकीच म्हणायच्या. तिचं पुस्तक विजेच्या मोटारींच्या दुरुस्तीचं, विटेएवढं जाड, पुन्हा कधी छापलं न गेलेलं. तिला तंत्रशाळेत जायचं होतं आणि प्रवेशपरीक्षेत मोटारींच्या आकृत्या हमखास यायच्या. घरी फोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. वर्षभर ती त्या पुस्तकातून एकेक आकृती वहीत उतरवत होती. एकदा म्हणाली, "बाई, माझ्या नावावर लिहून घरी देता का? रविवारी पण होईल."

"एवढं जाड पुस्तक नेऊन कुठे हरवलंस तर? इथेच बस. नोंदीबिंदीची कटकट नको. मी ठेवते ना तुझ्यासाठी."

ती हो म्हणाली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

मग टॅबच्या चार्जिंगची कपाटं लायब्ररीत ठेवायची ठरली आणि जागा हवी म्हणून पासवर्डसर यादी घेऊन आले. तीन वर्षांत कुणीही न वाचलेली पुस्तकं, अकराशे चाळीस. "बाई, एकदा नजर घाला. काही राहायला हवं असेल तर खूण करा, मी काढून टाकतो." म्हटलं, चला, या माणसाने जन्मात एक तरी शहाणपणाची गोष्ट केली. कारण रद्दी माझ्याकडे भरपूर होती. पाहुण्यांच्या भाषणांचे संग्रह, कुणाकुणाच्या देणग्यांतली आत्मस्तुती. तीस पानी यादी दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून होती. तिच्यावर मी चहाचा कप ठेवायचे. पासवर्डसरांनी केलेली यादी वाचण्याइतका माझा वेळ स्वस्त नव्हता. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी शेवटचं पान उलटलं, झोकात सही केली आणि म्हटलं, "न्या बाबा."

शुक्रवारी सभागृहात नववी ब वर्गाचा सत्कार होता. मोठ्या बाईंनी ढाल दिली. दोन टॅबवाला पठ्ठ्या 'माझी वाचनयात्रा' या विषयावर बोलला. मी शेवटच्या रांगेत बसून मनसोक्त नाक मुरडलं. मोठं सुख असतं त्यात.

वर लायब्ररीत आले तर अर्ध्या फळ्या मोकळ्या झालेल्या. तेही ठीक. मग खिडकीकडे बघितलं. कठडा साफ होता. एक पुस्तक नाही, खाली फक्त कागदाच्या पट्ट्या पडलेल्या, मुलांच्या नावांच्या.

मी तशीच धावत प्रयोगशाळेत गेले आणि पासवर्डसरांवर तुटून पडले. अडाणी म्हटलं, आणखीही काही बोलले. त्यांनी यादी काढून माझ्यासमोर धरली. तेराव्या पानावर विजेच्या मोटारी. वाचक, शून्य. चौदाव्यावर नकाशांचं मोठं पुस्तक, ज्याची पानं हाताळून मऊ झाली होती. वाचक, शून्य. सगळी खिडकी त्या यादीत ओळीने बसली होती. घरी न नेता इथेच वाचली गेलेली प्रत्येक चांगली गोष्ट कॉम्प्युटरच्या लेखी कुणी वाचलीच नव्हती. आणि शेवटी माझी सही.

"रद्दीवाल्याच्या माणसांनी पुस्तकाच्या पाठीवरचे नंबर यादीशी जुळवून उचलली, बाई," सर म्हणाले. "मला वाटलं तुम्ही बघितली असेल."

"थांबवा ना मग त्याचा ट्रक!"

"दोन तास झाले. बांधणी इथेच फाडून नेली. आता तो लगदा होणार." ते आवाज न चढवता बोलत होते. माझा अपमान करायची इतकी छान संधी आणि तो माणूस ती घेत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. जाताना म्हणाले, "ते हिरवं बटण होतं, बाई."

मी वर येऊन पट्ट्या गोळा केल्या. सत्तावीस निघाल्या. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि उंच मुलगी आली, वही आणि फूटपट्टी-पेन्सिल घेऊन. रिकाम्या कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परीक्षेला पाच आठवडे होते आणि तिची शेवटची तीन प्रकरणं राहिली होती.

"टॅबमध्ये असेल," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"नाहीये, बाई. मी बघितलंय." तिने वही टेबलावर ठेवली. "खाली सर म्हणाले, कुणी वाचत नव्हतं म्हणून काढलं ते."

मी गोळा केलेल्या पट्ट्या खणात टाकल्या, तिची सोडून.

"वर्षभर मी इथेच बसत होते ना?" तिने विचारलं. "तुम्ही बघत होतात ना, बाई?"

तिच्या नावाची पट्टी माझ्या मुठीत होती. मी ती उघडून दाखवू शकले नाही.