विणून टाक

जपानमधल्या फुनाबोरीला कैरी मिळत नाही असं नाही. नीट शोधली तर मिळते, पण प्लास्टिकच्या पाळण्यात एकटीच निजवलेली, आणि दुकानातली माणसं तिला इतक्या अदबीनं हाताळतात की तिचा कीस पाडायचं धाडस कुणाला होऊ नये. पद्मिनीबाईंना मात्र दुधाची तहान ताकावर भागवायला कधी कमीपणा वाटला नाही. त्या लेकीकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा जून महिना होता आणि दुकानांत हिरव्या उमेचे ढीग लागले होते. उमे म्हणजे इथलं एक आंबट फळ, लिंबापेक्षा थोडं लहान, अंगावर बारीक लव असलेलं. पद्मिनीबाईंनी पिशवीभर उमे आणलं आणि ओट्यावर ओतून म्हणाल्या, "यामिनी, या कैऱ्यांची वाढ खुंटलीय बघ. पण गुण आपलेच दिसतायत."

त्या एक फळ चावून बघणार, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कोमियामा-सान काही कामानं दारात आल्या आणि दोन्ही हात हलवत आत धावल्या. उमे कच्चं खायचं नसतं, पोटाला बाधतं. आधी पाण्यात भिजवायचं, मग देठाशी असलेला काळा ठिपका टूथपिकनं टोकरून काढायचा. यामिनीनं हे सगळं मराठीत सांगितलं. पद्मिनीबाईंना टूथपिकचं काम म्हणजे मुंगीनं मेरू ओढल्यासारखं वाटलं. त्यांनी विणकामाच्या पिशवीतून आपली सुई काढली, ठिपक्याखाली टोक घातलं आणि मनगटाला जरासा झटका दिला. देठ उडून थेट कोमियामा-सानच्या चष्म्यावर. दोघी म्हाताऱ्या हसून हसून खुर्चीत बसल्या. तेव्हापासून दर जूनमध्ये त्या घरात उमेचा मुरंबा व्हायचा. गुळाचा पाक, वेलदोडा, दोन लवंगा, आणि देठ काढायला विणायची सुई.

पद्मिनीबाई दरवर्षी येत. लेक सकाळी पाळणाघरात नोकरीला जाई, जावई टोकियोच्या गाडीत उभा राहून झोपायला शिकला होता, म्हणून नात तन्वी आजीच्या वाट्याला आली. आजीच्या हातात सदा लोकर आणि तोंडात सदा 'टाक'. खाऊन टाक, आवरून टाक, एकदाचं बोलून टाक. तन्वी सायकलवरून पडली तेव्हासुद्धा आजीनं फुंकर घालत सांगितलं, "आधी रडून टाक, मग सांग कुठं लागलं." यामिनी लग्न होऊन नवी नवी इथं आली होती, फोनवर नुसते हुंदके देत होती, तेव्हाही पलीकडून हेच आलं होतं. रडून टाक बाई, मग बोलू.

गेल्या वर्षी निघण्याआधी पद्मिनीबाईंनी नातीचा स्वेटर विणायला घेतला होता. लोकर तुळशीबागेतली, रंग आमसुली. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, दुसरी कोपरापर्यंत आली आणि विमानाची वेळ झाली. "राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी आले की पहिल्या दिवशी बाही, दुसऱ्या दिवशी शिवण. वाढत्या अंगाचा केलाय, लहान व्हायचा नाही."

पुढची वेळ आली नाही. फेब्रुवारीत एका दुपारी पद्मिनीबाई पुण्याच्या घरी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. यामिनीला मिळालेलं विमान बँकॉकला अडकलं. जयप्रकाशमामा फोनवर म्हणाले, "बाळ, वाट बघायची आमची तयारी आहे, पण..." त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी तिनंच सांगितलं, थांबू नका. ती पोचली तेव्हा बैठकीत पणती तेवत होती आणि अंगण धुऊन झालं होतं. आईला अग्नी दिला तेव्हा आपण विमानतळावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होतो, हे तिच्या मनातून जाता जात नव्हतं. लोक म्हणत, विसरून टाक. लोकांचं काय जातं म्हणायला.

परत आल्यापासून अर्धवट स्वेटरची पिशवी कपाटात होती. यामिनी अधूनमधून उघडायची. आईचा हात सैल, तिचा घट्ट. आईनं सोडलं तिथून तिनं एक ओळ जरी विणली असती, तरी आई कुठं संपली ते बाहीवर कायमचं दिसलं असतं. आणि नाही विणली, तर निदान सुईवरचे टाके अजून आईचे होते, ती नुसती उठून चहा टाकायला गेल्यासारखे. म्हणून ती पिशवी उघडायची, टाक्यांवरून बोट फिरवायची, रडायची आणि बंद करायची. आठ वर्षांची तन्वी दाराशी उभी राहून हे बघायची.

पण जून आला. कोमियामा-साननी आपल्या भावाच्या बागेतलं उमे दारात आणून ठेवलं, आणि त्यांना नुसतं वाकलेलं पाहून यामिनीला वाटलं, आता पुरे. शनिवारी सकाळी तिनं उमे भिजत घातलं. नवऱ्याला, स्वानंदला, सुट्टीच्या दिवशी ऑफिसला जायचं होतं, तो उभ्याउभ्या चहा पीत होता. तन्वी टोस्टच्या कडा काढून बशीत रचत होती.

"आज मुरंबा झाला की आईचा तो स्वेटर विणून टाकते," यामिनी म्हणाली. "किती दिवस नुसता पडून राहणार."

"नक्की? घाई नाहीये अगं."

"नाही, टाकतेच आज. बघितला की जीव कासावीस होतो नुसता. एकदाचा टाकला की सुटले."

स्वानंदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि स्टेशनकडे गेला.

कितीतरी दिवसांनी यामिनीला हलकं वाटलं. तिनं काचेच्या बरण्या उकळल्या, पुसल्या, बाल्कनीत उन्हाला लावल्या. मनात बाहीचा हिशेब चालू होता. हात सैल ठेवायचा, लोकर बोटाला एकच वेढा द्यायची, आईसारखी. मागं तन्वीची गडबड ऐकू येत होती. शनिवार म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस, आणि पिशवी खाली नेऊन ठेवायचं काम तन्वीचं. ते ती शाळेत शिकवल्याप्रमाणे मन लावून करायची. जळणारं वेगळं, न जळणारं वेगळं, बाटलीचं बूच वेगळं. यामिनीनं चुकून दह्याच्या डब्याचं झाकण भलतीकडं टाकलं तर पोर तिला फैलावर घ्यायची.

दार वाजलं, पावलं खाली गेली, परत आली. यामिनी बाल्कनीतून आत आली, उमे निथळलं आणि सुई आणायला कपाटाकडं गेली. पिशवी नव्हती. तिनं खालचा कप्पा बघितला, गाद्यांच्या मागं बघितलं. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात वळली आणि थबकली. न जळणाऱ्या कचऱ्याच्या डब्याशेजारी, कागदी रुमालावर, आईच्या दोन्ही सुया धुऊन पुसून शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

"तन्वी, या सुया कुणी काढल्या?"

"मी." तन्वी खुशीत होती. "मेटल आहे ना. मोएनाई. ते जळत नाही, ते नेक्स्ट वीक."

"आणि त्यांच्यावरचं विणलेलं?"

"ते मोएरु. ते टाकलं मी. तू करायच्या आधीच!"

यामिनी चपला न घालता जिना उतरली. कोपऱ्यावर, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून अंथरायची हिरवी जाळी घडी करून कठड्याला अडकवलेली होती. कोमियामा-सान झाडूनं तिथली जागा साफ करत होत्या, या आठवड्यात त्यांची पाळी होती. गाडी आत्ताच गेली, त्या म्हणाल्या. यामिनी पुढच्या चौकापर्यंत धावली, तिथून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत धावली. रस्ता शनिवारच्या सकाळसारखा रिकामा आणि स्वच्छ होता. इथं कचऱ्याची गाडी मागं वास ठेवत नाही, डाग ठेवत नाही. कुठल्या वळणावर गेली तेही कळत नाही.

ती परत आली तेव्हा कोमियामा-साननी तिच्या पायांकडं बघितलं. काही महत्त्वाचं होतं का, त्यांनी विचारलं.

"दाइजोबु," यामिनी म्हणाली. काही नाही, ठीक आहे. या देशात माणूस पहिल्यांदा हाच शब्द शिकतो, आणि खोटं बोलायला दुसऱ्या शब्दाची गरजही पडत नाही. जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली. या वेळी आई गल्लीच्या कोपऱ्यावर होती. आणि या वेळीही आपण उशिरा पोचलो, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. या वेळी तर बँकॉकला बोल लावायचीही सोय नव्हती.

वर तन्वी दारातच उभी होती. तिची खुशी उतरली होती.

"का टाकलंस?" आवाज चढला तो यामिनीलाही ऐकू आला. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"तू. तू बाबांना म्हणालीस, आजीचं ते टाकते."

"विणून टाकते म्हणाले मी."

"हो," तन्वी म्हणाली. "टाकते."

आपला हा 'टाक' भारी उपद्व्यापी शब्द. मराठी घरात वाढलेल्या पोराला तो कुणी शिकवत नाही, आणि फुनाबोरीत वाढलेल्या पोराला आपण तो फक्त कचऱ्यापुरता शिकवतो. हे इथं टाक, ते तिथं टाक, सोमवारी टाकू नको. पोरीनं तेवढाच ऐकला, तेवढाच घेतला.

"तुला ते बघून रडू येतं ना," तन्वी हळूच म्हणाली. "म्हणून मला वाटलं, टाकायला तुला सॅड वाटेल. मग मीच टाकते. मी आधी आरिगातो म्हटलं त्याला, थँक्यू. नीट घडी केली. फेकलं नाही."

यामिनी स्वयंपाकघराच्या जमिनीवरच बसली. रागावायला काही जागाच उरली नव्हती. पोरीनं आजीचे टाके एकेक करून सुईवरून उतरवले असतील, दोन्ही हातांनी, जीभ दातांत धरून, जसं ती सगळं काम करते. घडी केली असेल. निरोप दिला असेल. यामिनीला स्वतःच्या आईला देता आला नव्हता तो.

ती उठली, कारण भिजलेलं उमे तसंच ठेवलं तर काळं पडतं. तिनं गॅसवर गुळाचा पाक ठेवला, सुई घेतली आणि देठ काढायला बसली. तन्वी समोर येऊन बसली. मग तन्वीनं विचारलं, "विणून टाक म्हणजे काय मग?"

"खाऊन टाक म्हणजे काय?"

"सगळं खा. फिनिश."

"तसंच. जे राहिलंय ते पुरं कर, असं. त्यात फेकायचं काही नसतं."

तन्वी एक फळ हातात फिरवत राहिली. यामिनीला तिच्या चेहऱ्यावर तो शब्द आत जाताना दिसला, आणि तिनं मनात म्हटलं, हे सांगायला नको होतं. गैरसमजात ठेवली असती तर काय बिघडलं असतं.

"म्हणजे तो स्वेटर पुरा होणार होता?"

यामिनीनं मान डोलावली.

"माझा?"

"तुझा."

तन्वीनं हातातलं फळ खाली ठेवलं. "गोमेन नासाई," ती म्हणाली, आणि ते पुरेसं नाही असं वाटून पुन्हा मराठीत, "सॉरी, आई. सॉरी." यामिनीनं तिला ओढून मांडीवर घेतलं. ती आता मांडीत मावत नव्हती, पाय जमिनीवर येत होते. वाढत्या अंगाचा केला होता आईनं, तरी या थंडीत जेमतेमच झाला असता.

"तुझी चूक नाही," यामिनी म्हणाली. "शप्पथ नाही. आजी असती तर हसली असती."

ते खरं होतं. आजी हसलीच असती, चष्मा काढून डोळे पुसले असते, आणि संध्याकाळपर्यंत नव्या लोकरीचे टाके घातले असते. म्हणून तर यामिनी दात आवळून, छताकडं बघत राहिली. पोरीसमोर रडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

तन्वीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. काहीतरी जुळवत असावी तसं तिचं कपाळ आखडलं होतं.

"आई, आजी म्हणायची ना, रडून टाक. मला वाटायचं, रडणं टाकून दे म्हणते. रडू नको म्हणते." ती थांबली. "ते पण तसंच असतं? पुरं कर?"

"हो," यामिनी म्हणाली. "तसंच."

तन्वीनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं आईच्या हातातली सुई पुसली आणि ती जपून ओट्यावर, कचऱ्याच्या डब्यापासून लांब ठेवली.

"मग रडून टाक," ती म्हणाली.

यामिनी रडली. गॅसवरचा पाक तळाला लागल्याचा वास घरभर झाला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. त्या वर्षीचा मुरंबा करपट झाला. तो वर्षभर पुरला, आणि त्यातला चमचाभरही कुणी टाकला नाही.